आकाशपाळणा उभारणारा अभियंता : जॉर्ज फेरिस

जत्रा म्हटली की आकाशपाळणा आलाच. ग्वाल्हेरचा मेळा असो की एखाद्या लहानशा गावची देवाची यात्रा, मैदान दृष्टीस पडण्याआधी दिसतात ते त्याचे फिरणारे दिवे. जुन्या पिढीतील वाचकांना त्याही आधीचा लाकडी रहाटपाळणा आठवत असेल. चार पेट्या, एक आडवा कणा आणि तो हाताने फिरविणारी दोन धट्टीकट्टी माणसे, एवढाच त्याचा संसार. आपल्या भाषेने त्याला दिलेले नाव मोठे अर्थपूर्ण आहे. विहिरीतून पाणी वर आणणारा तो रहाट. त्यावर घागरींऐवजी पाळणे टांगले की झाला रहाटपाळणा.

ही कल्पना किती जुनी आहे हे कोणालाच नेमके सांगता येणार नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी, पुढे गोव्यालाही येऊन गेलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने कॉन्स्टँटिनोपलच्या एका उत्सवात असे चक्र पाहिले आणि त्यात बसण्याचा आनंदही लुटला. थोड्याच वर्षांनी पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानेही ऑटोमन साम्राज्यात तसेच चक्र पाहून आपल्या प्रवासवृत्तात त्याची नोंद केली. असे असताना इंग्रजी भाषेत या पाळण्याला ज्या माणसाचे नाव कायमचे जडले, त्या जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस यांनी नवीन असे काय केले, हा प्रश्न स्वाभाविक आहे. तो त्यांच्या हयातीतही विचारला गेला आणि न्यायालयापर्यंत पोहोचला.

जॉर्ज फेरिस यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८५९ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग या गावी झाला. जॉर्ज वॉशिंग्टन गेल या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने हे गाव वसले होते आणि फेरिस घराणे त्या वसाहतीच्या संस्थापकांपैकी एक होते. गेल यांचे संपूर्ण नाव फेरिस घराण्यात आधी वडिलांना आणि मग मुलालाही मिळाले. जॉर्ज पाच वर्षांचा असताना कुटुंबाने बिऱ्हाड हलवले आणि पश्चिमेकडे नेवाडा राज्यातील कार्सन खोऱ्यात आणले. वडिलांना झाडांचे वेड होते. कार्सन सिटी या रूक्ष राजधानीच्या गावात त्यांनी वृक्ष लावले. तेथील विधानभवनाच्या आवारातील लागवडीतही त्यांचा मोठा वाटा होता.

कार्सन नदीवर त्या काळी पाणी उचलणारा एक मोठा रहाट होता. त्याच्या फिरत्या बादल्यांकडे लहानगा जॉर्ज तासन् तास पाहत बसे आणि पुढच्या महाचक्राचे बीज तेथेच पडले, अशी आख्यायिका त्या परिसरात आजही सांगतात. थोरांच्या बालपणी अशा खुणा शोधण्याचा मोह चरित्रकारांना नेहमीच होतो, म्हणून ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. आपल्या रहाटपाळणा या शब्दाशी मात्र तिचा सांधा किती सहज जुळतो, हे लक्षात आल्यावाचून राहत नाही.

मुलाला शिस्त लागावी म्हणून त्याला कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील लष्करी विद्यालयात घालण्यात आले. तेथून तो न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे रेन्सेलीर पॉलिटेक्निक या नामांकित संस्थेत गेला आणि १८८१ मध्ये स्थापत्य अभियंत्याची पदवी घेऊन बाहेर पडला. ते दिवस अमेरिकेत रेल्वेचे आणि पुलांचे होते. फेरिस यांनीही काही वर्षे लोहमार्ग, खाणी आणि पूल यांवर काम केले. या कामांतून त्यांचे लक्ष एका अगदी वेगळ्या गोष्टीकडे वळले. पुलासाठी येणारे पोलाद खरोखर किती भार सोसते, हे प्रत्यक्ष तपासून पाहण्याची पद्धत तेव्हा नुकतीच रूढ होऊ लागली होती. फेरिस यांनी यालाच आपला व्यवसाय मानले आणि पिट्सबर्गमध्ये स्वतःची कंपनी काढली. गिरण्यांतून निघणाऱ्या पोलादाची परीक्षा घेणे आणि ते योग्य असल्याची ग्वाही देणे, हे तिचे काम. १८८६ मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथील मार्गारेट बीटी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

या व्यवसायाचा उल्लेख मुद्दाम विस्ताराने केला, कारण पुढे घडलेल्या सर्व गोष्टींची किल्ली त्यात आहे. पोलाद कोठे तुटेल आणि कोठे तुटणार नाही, हे फेरिस यांना अंदाजाने नव्हे, तर रोजच्या कामातून ठाऊक होते.

कोलंबसाच्या प्रवासाला चारशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने शिकागो शहरात १८९३ मध्ये जागतिक प्रदर्शन भरवायचे ठरले. चारच वर्षांपूर्वी, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात, गुस्ताव्ह आयफेल यांनी ३०० मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभारून साऱ्या जगाला थक्क केले होते. अमेरिकेला ते सलत होते. शिकागो प्रदर्शनाच्या बांधकामाचे प्रमुख डॅनियल बर्नहॅम यांनी एका समारंभात अभियंत्यांच्या कानउघाडणीच्या सुरात सांगितले की, वास्तुविशारदांनी आपले काम चोख केले, अभियंत्यांनी मात्र आयफेलच्या तोडीचे काही समोर आणलेले नाही. लोकांनी सुचवलेल्या बहुतेक कल्पना म्हणजे आणखी उंच मनोरेच होते. श्रोत्यांत बसलेल्या फेरिस यांना हे शब्द लागले. त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, शिकागोतील एका खाणावळीत मित्रांसह जेवताना त्यांना प्रचंड चाकाची कल्पना सुचली आणि त्यांनी तेथेच कागदावर त्याचा आराखडा रेखाटला. चाकाचा आकार, डब्यांची संख्या, तिकिटाचा दरसुद्धा त्या एका बैठकीत ठरला. पुढे त्यात फारसा बदल करावा लागला नाही, असे म्हणतात.

आयफेलचा मनोरा स्थिर होता. फेरिस यांना हवी होती ती तशीच भव्य, पण फिरणारी रचना, आणि तीही आत दोन हजारांहून अधिक माणसे बसवून.

बर्नहॅम यांनी आराखडा पाहिला आणि त्यांचा प्रथम विश्वास बसेना. चाक फारच नाजूक दिसत होते. ते वाऱ्याने उडून जाईल, किंवा स्वतःच्याच भाराने लंबवर्तुळाकार होईल, अशी अनेकांची खात्री होती. या शंकेचे निरसन ज्या तत्त्वाने होते, ते आज प्रत्येकाच्या घरातील सायकलमध्ये पाहावयास मिळते. बैलगाडीच्या चाकाचे आरे जाड असतात, कारण भार त्यांच्यावर दाबासारखा येतो. सायकलच्या चाकाचे आरे मात्र तारेसारखे बारीक असतात आणि तरीही ते माणसाचे ओझे पेलतात. ते सर्व ताणून बसवलेले असतात आणि पोलादाचा बारीक गज दाबाखाली वाकत असला, तरी ताण मोठ्या ताकदीने सोसतो. फेरिस यांनी २५० फूट व्यासाचे चाक याच तत्त्वावर बेतले. त्याचे आरे म्हणजे जेमतेम अडीच इंच जाडीचे गज होते. दुरून ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसत आणि प्रेक्षकांना धडकी भरे. सगळे आकडेमोडीचे काम फेरिस यांचे सहकारी विल्यम ग्रोनाऊ यांनी केले. या कामातील त्यांचा वाटा फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून त्यांचे नाव येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

१८९२ च्या उन्हाळ्यात प्रदर्शनाच्या समितीने परवानगी दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती काढून घेतली. एखादा हेकट माणूस संतापाने प्रकल्प सोडून गेला असता. फेरिस यांनी पदरचे २५,००० डॉलर खर्चून तपशीलवार नकाशे करवून घेतले, नाणावलेल्या अभियंत्यांची मते मिळवली, भांडवल देणारे धनिक गाठले आणि ते पुन्हा समितीपुढे उभे राहिले. अखेर १६ डिसेंबर १८९२ रोजी परवाना मिळाला. प्रदर्शन उघडायचे होते १ मे रोजी. हाती उरले होते साडेचार महिने, आणि तेही शिकागोच्या हिवाळ्याचे.

तो हिवाळा विशेष कडक होता. चाकाला जागा मिळाली होती मिडवे प्लेझन्स या मैलभर लांबीच्या पट्ट्यात. तेथील जमीन तीन फुटांपर्यंत गोठलेली आणि तिच्याखाली पाण्याने भरलेली चंचल वाळू. गोठलेली माती वाफ सोडून वितळवावी लागे आणि खड्ड्यांत साचणारे पाणी पंपांनी रात्रंदिवस उपसावे लागे. ल्यूथर राइस या अभियंत्याच्या देखरेखीखाली आठ पाये ३५ फूट खोल नेण्यात आले. इकडे एकाच कारखान्याला एवढे पोलाद वेळेत देणे शक्य नव्हते, म्हणून चाकाचे भाग निरनिराळ्या गिरण्यांत एकाच वेळी तयार होत होते. निरनिराळ्या ठिकाणी घडलेले हजारो तुकडे जागेवर आल्यावर एकमेकांत अचूक बसले. पोलादाची तपासणी हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या शिस्तीचे ते फळ होते.

चाकाचा कणा पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम कंपनीने घडवला होता. साडेपंचेचाळीस फूट लांब, ३३ इंच जाड आणि आतून पोकळ. एवढा मोठा पोकळ घडीव कणा तोवर जगात कोठेही झाला नव्हता. मार्च महिन्यात तो १४० फूट उंचीच्या दोन मनोऱ्यांवर चढवण्यात आला. चाक फिरवण्यासाठी १,००० अश्वशक्तीची दोन वाफेची इंजिने होती. एक कामाचे, एक राखीव. बॉयलर सातशे फूट लांब ठेवले होते आणि वाफ जमिनीखालच्या नळांतून येई, कारण करमणुकीच्या जागी धूर नको, असा विचार होता.

ठरलेल्या तारखेला प्रदर्शन उघडले आणि येणाऱ्या पाहुण्यांना दिसले ते अर्धवट चाक. टीकाकारांना ऊत आला. ९ जून रोजी पहिल्यांदा चाक फिरवण्यात आले तेव्हा कामगारांनी वर विसरलेले नट, बोल्ट आणि एक-दोन पाने खाली पडले. चाक मात्र सुरळीत फिरले. फेरिस त्या दिवशी पिट्सबर्गला होते. राइस यांची तार त्यांना तेथे मिळाली आणि डबे ताबडतोब बसवण्याचा हुकूम त्यांनी उलट तारेने दिला. ११ जून रोजी सहा डबे लावून चाचणी झाली. त्या पहिल्या फेरीत जे मोजके लोक बसले, त्यांत मार्गारेट फेरिस होत्या. पतीच्या गणितावर त्यांचा किती विश्वास होता, हे यावरून दिसते.

२१ जून १८९३ रोजी, प्रदर्शन उघडल्यावर एक्कावन्न दिवसांनी, फेरिस यांनी सोन्याची शिटी वाजवली आणि चाक लोकांसाठी फिरू लागले. जमिनीपासून माथ्यापर्यंत २६४ फूट उंची. परिघावर ३६ डबे, प्रत्येकात गरगर फिरणाऱ्या चाळीस खुर्च्या, आणि एकूण साठ माणसांची सोय. म्हणजे एका वेळी २,१६० माणसे आकाशात. तिकीट ५० सेंट, अर्थात प्रदर्शनाच्या प्रवेशशुल्काइतकेच. त्यात दोन फेऱ्या मिळत. पहिली चढ-उतारासाठी थांबत थांबत, दुसरी सलग नऊ मिनिटांची. रात्री तीन हजार विजेच्या दिव्यांनी चाक उजळे, आणि ज्या काळात बहुतेक घरांत वीज नव्हती त्या काळातील माणसाला ते दृश्य कसे वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. जुलैमध्ये मोठे वादळ झाले. चाक जागचे हलले नाही. एकदा एका प्रवाशाला उंचीची अशी भीती बसली की तो डब्यात धडका मारू लागला. तेव्हा एका प्रसंगावधानी बाईने आपला घेरदार स्कर्ट त्याच्या डोक्यावर टाकला आणि खाली उतरेपर्यंत त्याला समजावत शांत ठेवले. एवढे सोडले तर मोसम निर्विघ्न गेला. प्रदर्शनाच्या अखेरीपर्यंत १४ लाखांहून अधिक लोकांनी तिकीट काढले होते.

भारतीय वाचकाला १८९३ चे शिकागो आठवते ते वेगळ्या कारणासाठी. याच प्रदर्शनाला जोडून, मैदानापासून काही मैल दूर शहराच्या मध्यभागी, त्या सप्टेंबरमध्ये सर्वधर्म परिषद भरली होती. स्वामी विवेकानंद तेथे बोलले, आणि मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीने उपस्थित होते. त्या दिवसांत शहरातील एक उंच प्रेक्षणीय स्थळ म्हणजे हे चाक.

इतके यश मिळूनही फेरिस यांच्या हाती पैसा लागला नाही. करारानुसार पहिले तीन लाख डॉलर कंपनीचे आणि त्यापुढील उत्पन्नातील निम्मा वाटा प्रदर्शनाचा होता. एकूण उत्पन्न सात लाख डॉलरवर गेले. वाटणीचा वाद न्यायालयात गेला. दुसरीकडून विल्यम सोमर्स हे गृहस्थ पुढे आले. त्यांनी १८९२ मध्ये अटलांटिक सिटी आणि इतर समुद्रकाठच्या गावी ५० फुटी लाकडी चक्रे उभारली होती आणि त्यांचे पेटंट १८९३ च्या जानेवारीत मिळवले होते. आपली कल्पना चोरली, असा त्यांचा दावा होता. सोमर्स यांना त्यात यश आले नाही, पण खटल्याने फेरिस यांचा वेळ आणि पैसा खाल्ला. कल्पना कोणाची या प्रश्नाचे उत्तर देल्ला व्हाल्ले आणि मंडी यांनी आधीच देऊन ठेवले आहे. ती कोणा एकाची नव्हती. लाकडी पन्नास फुटांवरून पोलादी अडीचशे फुटांवर झेप घेणे, आणि त्यात दोन हजार माणसे बसवण्याइतका आपल्या हिशेबावर भरवसा असणे, हे मात्र निःसंशय फेरिस यांचे.

प्रदर्शन संपले. चाक १८९४ मध्ये उतरवून शिकागोच्या उत्तर भागात हलवले गेले आणि १८९५ मध्ये पुन्हा सुरू झाले. भोवती करमणुकीची बाग करण्याचा बेत होता. शेजारच्या रहिवाशांनी तेथील मद्याच्या परवान्याला विरोध केला, गर्दी फिरकली नाही आणि कर्ज वाढत गेले. देश तेव्हा मोठ्या मंदीतून जात होता. फेरिस यांनी आपले हिस्से विकले. १८९६ मध्ये मार्गारेट त्यांना सोडून माहेरी गेल्या. पहिल्या फेरीत विश्वासाने बसलेली पत्नीही अखेर दूर जावी, याचे दुःख किती असेल हे सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते विषमज्वराने आजारी पडले आणि २२ नोव्हेंबर १८९६ रोजी पिट्सबर्गच्या रुग्णालयात वारले. वय अवघे सदतीस. अंत्यविधीचे पैसे चुकते झाले नाहीत, म्हणून त्यांच्या अस्थी वर्षाहून अधिक काळ अंत्यविधी करणाऱ्याच्या ताब्यातच राहिल्या.

चाक त्यांच्यानंतर दहा वर्षे टिकले. १९०३ मध्ये भंगार घेणाऱ्या कंपनीने ते ८,१५० डॉलरला लिलावात घेतले, १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात पुन्हा उभे केले, आणि ११ मे १९०६ रोजी सुरुंग लावून पाडले.

तोवर त्याची लेकरे जगभर पसरली होती. वॉल्टर बॅसेट या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये १८९५ ला, ब्लॅकपूलला १८९६ मध्ये आणि व्हिएन्नात १८९७ मध्ये चाके उभारली. त्यांतील व्हिएन्नाचे चाक युद्धात जळाले, पुन्हा उभे राहिले आणि आजही फिरते. शिकागोला पाहिलेल्या चाकाने भारावलेला जॉर्ज टिल्यू न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला परतला, त्याने तेथे लहान चाक बसवले आणि त्याभोवती १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क उघडले. आजच्या करमणूक उद्यानांचे मूळ पाहायचे तर ते येथेच सापडते. मिडवेच्या त्या प्रदर्शनावर सुतारकाम केलेल्यांत इलायास डिस्ने नावाचा एक कारागीर होता. वॉल्ट डिस्ने हा त्याचाच मुलगा.

सर्वांत महत्त्वाचा वारस मात्र इलिनॉयचाच निघाला. विल्यम सलिव्हन हा पूल बांधणारा माणूस १८९३ मध्ये फेरिसच्या चाकात बसला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच विचार होता : हेच चाक लहान करता आले, सुटे करून गावोगाव नेता आले तर? १९०० मध्ये त्याने जॅक्सनव्हिल येथे बारा पाळण्यांचे, पंचेचाळीस फुटांचे चाक बनवले. ते उतरवायचे, वाहनावर लादायचे आणि पुढच्या गावी पुन्हा उभे करायचे. आज आपल्याकडे यात्रेच्या आदल्या दिवशी ट्रकमधून लोखंडी कमानी उतरतात आणि सकाळपर्यंत मैदानात पाळणा उभा राहतो, ती रीत याच घराण्याची.

पुढे उंचीची शर्यत लागली. २००० मध्ये लंडनचे १३५ मीटरचे चाक, २००८ मध्ये सिंगापूरचे १६५ मीटरचे, मग लास व्हेगासचे, आणि २०२१ मध्ये दुबईचे २५० मीटरचे. लंडनच्या चाकाच्या आऱ्यांकडे पाहिले तर ते ताणलेल्या पोलादी तारांचे दिसतील. शिकागोत सरोवराच्या काठी नेव्ही पिअरवर १९९५ मध्ये, पहिल्या चाकाच्या स्मरणाने, एक चाक बसवले गेले. २०१६ मध्ये त्याच्या जागी त्याहून मोठे आले. त्याची उंची १९६ फूट आहे. फेरिस यांच्या चाकापेक्षा ६८ फुटांनी कमी.